पेनिसिलिनचे पाते आणि दांडे

औषधाच्या दुकानात गेलात की एकदा नावांकडे लक्ष देऊन पाहा. अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन, क्लॉक्सासिलिन, पिपरासिलिन. शेवट सगळ्यांचा सारखा. एका घरच्या माणसांचे आडनाव एक असते ना, तसे हे ‘सिलिन’ त्या औषधांचे आडनाव समजा. कोणी घशाला चालते, कोणी जखमेला, कोणी इस्पितळात फक्त शिरेतून द्यावयाचे. पण ही सारी भावंडे एकाच मूळ तुकड्यापासून बनतात. हा तुकडा रोग्याला कोणी देत नाही, आणि दिला तरी फारसा गुण यावयाचा नाही. तरीसुद्धा तो सुटा हाती लागला म्हणून ही नावे आज दुकानात आहेत. त्याचे नाव सहा-अमिनो-पेनिसिलॅनिक आम्ल. एवढे लांबलचक नाव संशोधकांनासुद्धा झेपत नाही. ते त्याला ६-एपीए म्हणतात. आपणही तेच म्हणू.

मी महाविद्यालयात शिकवतो खरा, पण रसायनशास्त्र नव्हे. त्यामुळे ही हकीकत सांगताना मी सूत्रांच्या वाटेला न जाता लोहाराच्या भात्यापाशी जातो.

कुऱ्हाडीचे दोन भाग असतात. पाते आणि दांडा. तोडण्याचे काम पाते करते, पण ते कुठवर पोहोचेल, हाताला कसे बसेल, कोणत्या लाकडावर चालेल, हे पुष्कळसे दांड्यावर असते. पेनिसिलिनच्या रेणूचेही असेच आहे. त्याचे पाते म्हणजे दोन लहान कडी एकमेकांना जोडलेली. एक कडे पाच अणूंचे, दुसरे चारच अणूंचे. हे चार अणूंचे कडे महत्त्वाचे. चारांत कडे वळवायचे म्हणजे वाकवून बांधलेल्या कामट्यासारखे ते कायम ताणलेले असते आणि संधी मिळताच उघडू पाहते. डोरोथी हॉजकिन या इंग्रज विदुषीने क्ष-किरणांच्या साहाय्याने १९४५ मध्ये ही रचना नक्की केली, तोवर मोठमोठ्या रसायनशास्त्रज्ञांनाही चार अणूंचे कडे असेल हे खरे वाटत नव्हते.

आता हे पाते तोडते काय? रोगजंतू हा एकाच पेशीचा जीव. त्याच्या आत दाब फार असतो, म्हणून तो स्वतःभोवती भक्कम भिंत बांधतो. भिंतीतले धागे एकमेकांत गुंफण्याचे काम त्याच्याजवळची काही विकरे करतात. विकर म्हणजे ज्याला इंग्रजीत एन्झाइम म्हणतात ते. पेशीतले हे कामकरी. पेनिसिलिनचे ताणलेले कडे या कामकऱ्याच्या हाताला लागते, उघडते आणि त्यालाच चिकटून बसते. कामकरी अडकला, गुंफण थांबली, भिंत कच्ची राहिली, आणि वाढणारा जंतू आतल्या दाबाने फुटला. आपल्या शरीराच्या पेशींना अशी भिंतच नसते. म्हणून हे औषध जंतूला मारते आणि आपल्याला सहसा इजा करीत नाही.

इथपर्यंत पात्याचे झाले. दांड्याची गोष्ट अधिक मजेची आहे.

पेनिसिलिन बनवते ती बुरशी, आणि अगदी सुरुवातीला दांडाही तीच बसवून देत असे. आपल्या हाती निवड नव्हती. अलेक्झांडर फ्लेमिंगने १९२८ मध्ये बुरशीचा गुण पाहिला, फ्लोरी आणि चेन यांनी ऑक्सफर्डला १९४० मध्ये उंदरांवर औषध सिद्ध केले, आणि पुढे युद्धकाळात इंग्लंड-अमेरिकेत ते बनू लागले, तेव्हा एक गंमत आढळली. इंग्लंडचे पेनिसिलिन आणि अमेरिकेचे पेनिसिलिन तंतोतंत एक नव्हते! पाते तेच, दांडा निराळा. कारण असे, की अमेरिकेत पिओरिया गावच्या सरकारी प्रयोगशाळेत बुरशीला मक्याचे पाणी पाजत. मक्यापासून स्टार्च काढताना मका भिजत घालतात, ते हे पाणी. त्यात अशी द्रव्ये होती, की बुरशी ती उचलून पात्याला जोडी. हेच पेनिसिलिन जी. मग मुद्दाम फेनिल ॲसेटिक आम्ल घालून ते आणखी वाढवता येऊ लागले. दुसरे एक आम्ल घातले तर पेनिसिलिन व्ही मिळते, आणि ते पोटातल्या आम्लात टिकते हे ऑस्ट्रियातील कुंडल गावच्या कारखान्यात १९५० च्या सुमारास सुरू झालेल्या कामातून पुढे आले. पण बुरशी मोठी खोडकर. तिला चालतील तेवढेच, काही ठरावीक तऱ्हेचेच दांडे ती घेई. बाकीच्यांना हात लावीत नसे.

आणि अडचणी तर वाढत होत्या. पेनिसिलिन जी पोटात गेले की नासते, म्हणून ते सुईनेच टोचावे लागे. आतड्यांतल्या आणि मूत्रमार्गातल्या कित्येक जंतूंवर ते चालत नसे. तिसरी अडचण सर्वांत मोठी. काही जंतूंजवळ एक विकर असते, जे पात्याची धारच मोडून टाकते. त्याला पेनिसिलिनेज असे नाव आहे. त्याचा शोध अब्राहम आणि चेन यांनी १९४० मध्येच लावला होता, म्हणजे औषध बाजारात येण्यापूर्वीच! गळवे, पू, जखमा चिघळणे हे ज्याचे काम, त्या स्टॅफिलोकॉकस जंतूने पुढच्या दहा-पंधरा वर्षांत इस्पितळांत या विकराच्या जोरावर असा धुमाकूळ घातला, की पुष्कळ ठिकाणी पेनिसिलिन असून नसल्यासारखे झाले.

म्हणजे हवे होते ते बिनदांड्याचे पाते. ते एकदा मिळाले असते, तर आपण सुताराप्रमाणे हवा तो दांडा तासून बसवला असता.

ते मिळाले कसे, हे मला या साऱ्या हकीकतीत सर्वांत आवडते. इंग्लंडात बीचम नावाची कंपनी होती. तिचे मूळ भांडवल म्हणजे एकोणिसाव्या शतकापासून खपणाऱ्या जुलाबाच्या गोळ्या. अशा कंपनीने सरे परगण्यातील ब्रॉकम पार्क येथे प्रयोगशाळा काढली आणि सल्ल्यासाठी वर सांगितलेल्या अर्न्स्ट चेन यांनाच गाठले. ते तेव्हा रोमला काम करीत. कंपनीने आपले तरुण संशोधक १९५६ मध्ये रोमला पाठवले. बॅचेलर आणि रोलिन्सन हे त्यांतले. डॉइल आणि नेलर हे रसायनाच्या बाजूचे. हे लोक पेनिसिलिन मोजताना दोन मापे वापरीत. एक माप रसायनाचे: एक द्रव्य घालायचे, ते त्या चार अणूंच्या कड्याशी संयोग पावते, आणि रंगावरून कडी किती आहेत ते कळते. दुसरे माप जिवंत: जंतूंवर तो रस टाकायचा आणि किती जंतू मरतात ते पाहायचे. दोन्ही मापे जुळली पाहिजेत. एकाच पोत्यातले धान्य मापाने मोजा की तराजूने, हिशेब एकच यायला हवा.

पण बुरशीला दांड्यासाठी कसलेच आम्ल घातले नाही, की हिशेब चुकू लागला. रसायनाचे माप म्हणे, कडी पुष्कळ आहेत. जंतू म्हणत, आम्हाला तर काही झाले नाही! साध्या माणसाने म्हटले असते, माप बिघडले. आणि खरोखर जपानात काटो यांनाही १९५३ मध्ये अशीच तफावत दिसली होती व त्यांनी पेनिसिलिनचा गाभा सुटा राहत असावा असा तर्कही केला होता. पण तो पुढे कोणी नेला नाही. ब्रॉकम पार्कच्या मंडळींनी १९५७ मध्ये तो तर्क तपासून पाहिला. रसात पाते आहे पण दांडा नाही असे असेल, तर आपण दांडा घालून पाहू. त्यांनी फेनिल ॲसेटिक आम्लाचे एक चलाख रूप त्या रसात घातले. आणि पाहतात तो जंतू मरू लागले. रसात पेनिसिलिन जी तयार झाले होते. मग तो पदार्थ त्यांनी शुद्ध करून पांढऱ्या स्फटिकांच्या रूपात वेगळा काढला. हेच ६-एपीए. कार्बनचे आठ अणू, हायड्रोजनचे बारा, नायट्रोजनचे दोन, ऑक्सिजनचे तीन आणि गंधकाचा एक. अवघे सव्वीस अणू. १९५९ मध्ये ‘नेचर’ या साप्ताहिकात ही बातमी प्रसिद्ध झाली.

अमेरिकेत जॉन शीहान यांनी नऊ वर्षे खपून १९५७ मध्ये पेनिसिलिन व्ही प्रयोगशाळेत सर्वस्वी कृत्रिम रीतीने बनवले होते आणि ६-एपीएपर्यंतही ते आपल्या वाटेने पोहोचले होते. त्यावरून पेटंटाचा तंटा लागला व तो १९७९ पर्यंत चालला. बांधाच्या भांडणासारखेच झाले, म्हणा ना.

आता ६-एपीएच्या रेणूला एका टोकाशी नायट्रोजनचा एक मोकळा गट असतो. कुऱ्हाडीच्या पात्याला दांडा बसवायचे भोक असते ना, तसा. तिथे हवे ते आम्ल जोडता येते. बुरशीची मर्जी सांभाळण्याचे कारण उरले नाही. मग काय विचारता! प्रयोगशाळांतून एकामागून एक दांडे बसवले गेले, हजारो नवी पेनिसिलिने तयार झाली. नवे द्रव्य बनले की ते तऱ्हेतऱ्हेच्या जंतूंवर घालून पाहायचे, आम्लात ठेवून टिकते का ते बघायचे, पेनिसिलिनेज घालून धार मोडते का तपासायचे, मग उंदरांवर, मग माणसांवर. बहुतेक सगळी बाद होत. पण प्रत्येक बाद झालेला दांडा काहीतरी शिकवून जाई. आणि मूळ तुकडा हाती असण्याचा हाच तर उपयोग, की एका वेळी एकच गोष्ट बदलता येते. पाते तेच ठेवून दांडा जरासा बदलला आणि गुण बदलला, तर तो कशामुळे बदलला हे नक्की कळते.

उदाहरण घ्या. पात्याला लागूनच भला जाडजूड दांडा बसवला, तर पेनिसिलिनेजला पात्यापर्यंत शिरताच येत नाही. या कल्पनेतून १९६० मध्ये मेथिसिलिन आले. ते टोचावेच लागे, आणि साध्या पेनिसिलिनइतके ते तीव्रही नव्हते. पण ज्या जंतूंनी पेनिसिलिनला हरवले होते ते याच्यापुढे नमले. मागोमाग क्लॉक्सासिलिन आले. त्याच्या दांड्यात जाडीही आहे आणि ते पोटातही टिकते. दुसरे उदाहरण तर फारच सुंदर आहे. पेनिसिलिन जीचा साधा दांडा घ्या आणि त्याच्यावर नायट्रोजनचा एक लहानसा गट बसवा. एवढाच फरक. झाले अँपिसिलिन, १९६१ चे. आतड्यातल्या कित्येक जंतूंच्या भिंतीबाहेर आणखी एक आवरण असते व त्यात बारीक दारे असतात. या लहान गटामुळे औषध त्या दारांतून आत शिरू लागले. शिवाय पोटात टिकले, म्हणजे सुई चुकली. त्याच दांड्यावर ऑक्सिजनचा एक अणू आणखी वाढवला, की अमॉक्सिसिलिन. ते १९७२ मध्ये वापरात आले. हे अँपिसिलिनपेक्षा आतड्यातून रक्तात जास्त चांगले उतरते. लहान मुलांच्या न्यूमोनियावर जागतिक आरोग्य संघटनेने ज्या औषधाला पहिली पसंती दिली आहे ते हेच. एका अणूची ही करामत.

जंतू मात्र स्वस्थ बसले नव्हते. मेथिसिलिन येऊन वर्ष होते न होते तोच, १९६१ मध्ये, इंग्लंडात पॅट्रिशिया जेव्हन्स यांनी पाच हजारांहून अधिक नमुने तपासून त्यांतल्या तीन जंतूंवर ते चालत नसल्याचे कळवले. पाच हजारांत तीन म्हणजे खडीसाखरेच्या पोत्यातले तीन खडे. पण तेच पुढे जगभर पसरले. आणि त्यांची युक्ती नवी होती. त्यांनी पाते मोडलेच नाही. भिंत गुंफणारा कामकरीच असा बदलला, की पाते त्याला लागेनासे झाले. कुऱ्हाड शाबूत, पण लाकूडच निराळे! त्याला दांडा बदलून इलाज फारसा चालत नाही.

पेनिसिलिनेजवाल्या जंतूंसाठी मात्र संशोधकांनी त्याच पात्याचा दुसरा उपयोग काढला. ६-एपीएचा तो मोकळा गट काढून टाकायचा आणि गंधकाच्या अणूला ऑक्सिजन जोडायचा. मग जे बनते त्याला सल्बॅक्टम म्हणतात. ते १९७८ मधले. हे पाते बहुतेक जंतूंना मारीत नाही. ते पेनिसिलिनेजच्या हाती जाते, त्याला चिकटते आणि त्याचे काम बंद पाडते. तोवर बरोबर दिलेले अँपिसिलिन आपले काम उरकते. पिपरासिलिनबरोबर देतात ते टॅझोबॅक्टम याच जातीचे. त्याचेच एक भावंड, एन्मेटाझोबॅक्टम, चेन्नईच्या ऑर्किड कंपनीत शोधले गेले आणि दुसऱ्या एका औषधाच्या जोडीने त्याला फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध-नियामकाची मान्यता मिळाली. सल्बॅक्टमलाही २०२३ मध्ये नवा जोडीदार मिळाला, तो इस्पितळातल्या ॲसिनेटोबॅक्टर नावाच्या फार चिवट जंतूसाठी. म्हणजे १९५७ चा तुकडा अजून कामावर आहे.

एक व्यवहाराची गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ती पात्याशी निगडित आहे. एखाद्याला पेनिसिलिन सोसत नाही, अंगावर गांधी उठतात, श्वास कोंडतो, तेव्हा बहुधा दोष पात्याशी लागतो. आणि पाते तर सगळ्या भावंडांत एकच! म्हणून ज्याला पेनिसिलिनचा असा त्रास झालेला आहे, त्याने डॉक्टरांना तसे आधीच सांगावे. अमॉक्सिसिलिन लिहून देतानाही हे त्यांना कळायलाच हवे. ‘मला पेनिसिलिन चालत नाही, पण ही तर दुसरीच गोळी आहे’ हा हिशेब धोक्याचा आहे.

आणि गोठ्यातले एक उदाहरण. गाईम्हशीला कासदाह झाला, की गुरांचे डॉक्टर सडात ज्या नळ्या सोडतात त्यांतल्या काहींत क्लॉक्सासिलिन असते. ते दूध ठरावीक दिवस वेगळे काढायला ते सांगतात. त्या दूधाला विरजण लावून पाहा. दही नीट लागत नाही. विरजणातले जंतू उपकारक असले तरी भिंतवालेच, तेव्हा त्यांचीही गुंफण थांबते. शिक्षक मित्रांना वर्गात सांगायला याहून चांगला दाखला मिळणार नाही, फक्त ते दूध मुलांना पाजू नका म्हणजे झाले.

आता राहिला प्रश्न हे पाते पुष्कळ प्रमाणात कसे मिळवायचे. दांडा न घालता बुरशी वाढवली तर पाते थोडेच हाती येते. म्हणून उलटा मार्ग धरला गेला. बुरशीकडून भरपूर पेनिसिलिन जी करून घ्यायचे आणि मग त्याचा दांडा काढून टाकायचा, तोही पात्याला धक्का न लावता. रसायनाने हे करायचे तर शून्याखाली चाळीस अंश थंडी आणि जहाल द्रव्ये लागत. त्यापेक्षा सोपे काम करणारे विकर १९६० मध्ये एका जंतूत सापडले, आणि तो जंतू कोण, तर आपल्याच आतड्यात राहणारा ई. कोलाय! हे विकर, पेनिसिलिन ॲसिलेज, साध्या पाण्यात, कोमट ऊबेत दांडा अलगद काढते. ते बारीक मण्यांवर बसवून ठेवले की पुन्हा पुन्हा वापरता येते, आणि निघालेले फेनिल ॲसेटिक आम्लही फिरून बुरशीला घालता येते. हिशेबाने ३३४ ग्रॅम पेनिसिलिन जीमधून फार तर २१६ ग्रॅम पाते निघते.

या कामाशी आपला महाराष्ट्र जोडलेला आहे. पिंपरी येथे भारत सरकारने १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापला, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने, आणि १९५५ पासून तिथे पेनिसिलिन बनू लागले. पुढे त्या कारखान्यात आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत या दांडा काढणाऱ्या विकरावर बरेच संशोधन झाले.

पण पेनिसिलिन जी बनवणारे देशातले कारखाने नंतर टिकले नाहीत. चीनचा माल इतका स्वस्त येऊ लागला, की बुरशीच्या टाक्या एकेक करून बंद पडल्या. गोळ्या आपल्याकडे बनत राहिल्या, पण त्यांतले पाते परदेशचे. लोहार गावात नाही आणि गाव मात्र दांडे तासतो आहे, असा तो प्रकार. माझ्या मते ही गोष्ट आपण फार उशिरा मनावर घेतली. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने औषधांचा कच्चा माल देशात बनावा म्हणून ६,९४० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तिच्या यादीत पेनिसिलिन जी आहे. तिच्याखाली आंध्र प्रदेशातील काकिनाडा जिल्ह्यात उभारलेल्या कारखान्यात २०२४ मध्ये ते पुन्हा बनू लागले. आज जगभर अशा टाक्यांतून वाढणाऱ्या बहुतेक बुरशीचे कूळ एकच सांगतात: १९४३ मध्ये पिओरियाच्या बाजारातल्या एका खरबुजावर सापडलेली बुरशी.